पौर्वात्य तत्त्वज्ञान वाचायला सुरुवात कुठून करावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जण एकत्र बसून तत्त्वज्ञानाचे मूळ ग्रंथ वाचतो. कधी दोन पानं होतात, कधी एकाच ओळीवर दोन तास जातात. आमच्यात येऊ पाहणारे आणि घरी एकट्याने वाचू पाहणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत आमची आवडनिवड आहे आणि ती लपवलेली नाही.

‘पौर्वात्य तत्त्वज्ञान’ म्हणजे नेमकं काय काय धरायचं?

हा शब्द युरोपातून पाहणाऱ्यांचा. तिथून उपनिषदं, बुद्ध, कन्फ्यूशियस, झेन सगळं एकाच दिशेला दिसतं, म्हणून सगळं एका टोपलीत. प्रत्यक्षात शंकराचार्य आणि कन्फ्यूशियस यांना समोरासमोर बसवलं असतं, तर दुसऱ्याचा मुळात प्रश्न काय आहे हे समजण्यातच दोघांचा पहिला दिवस गेला असता.

सोयीसाठी तीन प्रवाह धरा. एक, भारतातली दर्शनं, म्हणजे विचारांच्या परंपरा: वेद मानणारी आणि न मानणारी. दोन, चीनमधले विचारवंत: कन्फ्यूशियस, मेन्सियस, लाओत्से, च्वांगत्से. तीन, बौद्ध विचार. तो भारतात जन्मला आणि पुढे चीन, तिबेट, कोरिया, जपानपर्यंत गेला. प्रत्येक ठिकाणी त्याने तिथल्या मातीचं काही घेतलं. मराठी वाचक पहिल्या प्रवाहात जन्मापासून उभा आहे. त्याचा फायदा आहे तसा धोकाही आहे. त्याबद्दल पुढे सांगतो.

एकच पुस्तक सांगा.

पुस्तकाऐवजी एक अध्याय सांगतो: छांदोग्य उपनिषदाचा सहावा. शांतपणे वाचला तर तासाभरात संपतो.

श्वेतकेतू बाराव्या वर्षी गुरूकडे जातो आणि चोविसाव्या वर्षी सगळे वेद शिकून, ताठ मानेने घरी परततो. वडील, उद्दालक आरुणी, त्याला एकच प्रश्न विचारतात आणि मुलाला उत्तर येत नाही. मग शिकवणं सुरू होतं. उद्दालक त्याला पंधरा दिवस उपाशी ठेवतात, पाणी मात्र प्यायला सांगतात. सोळाव्या दिवशी म्हणतात, वेद म्हणून दाखव. एकही ऋचा आठवत नाही. जेवून ये, म्हणतात. तो जेवून येतो आणि सगळं आठवतं. मन अन्नावर चालतं हे त्याला अंगाने कळतं.

मग वडाचं फळ आणायला लावतात. फोड. काय दिसतं? बारीक बिया. त्यातली एक फोड. आता काय दिसतं? काहीच नाही. त्या न दिसणाऱ्यातूनच हा एवढा वड उभा आहे, बाळा. नंतर मीठ. रात्री पाण्यात टाक आणि सकाळी ये. सकाळी म्हणतात, ते मीठ परत दे. मुलगा चाचपडतो, सापडत नाही. वरून एक घोट घे. खारट. मधून घे. खारट. तळाकडून घे. खारट.

‘तत्त्वमसि’ हे वाक्य या अध्यायात नऊ वेळा येतं. एवढं का? कारण मुलगा मान डोलावून उठून जात नाही. तो दर वेळी म्हणतो, मला आणखी समजावून सांगा.

आता यातली खरी गंमत पाहा. ‘स आत्मा तत्त्वमसि’ हे शब्द शंकराचार्यांनी ‘ते तूच आहेस’ असे वाचले. मध्वाचार्यांनी तीच अक्षरं वेगळी तोडली: ‘स आत्मा अतत्त्वमसि’, म्हणजे ‘ते तू नाहीस’. संधीमुळे दोन्ही बसतं. एका अक्षराच्या फोडीवर दोन संप्रदाय शतकानुशतकं एकमेकांशी वाद घालत राहिले. हे ज्याला रोमांचक वाटेल, त्याच्यासाठी पुढची सगळी वाट मोकळी आहे.

मी आधी एक जाडजूड इतिहासग्रंथ घेतला होता. तिसऱ्या प्रकरणात सुटला. माझं काही चुकलं का?

नाही. असे ग्रंथ सलग वाचण्यासाठी नसतातच. त्यात एकेका आचार्याचं मत एका परिच्छेदात आवळलेलं असतं. मत कळतं, ते मत त्याला का धरावं लागलं, हे कळत नाही. सुरेंद्रनाथ दासगुप्तांचा पाच खंडांचा इतिहास १९२२ ते १९५५ या काळात आला, राधाकृष्णनांचे दोन खंड १९२३ आणि १९२७ चे. दोन्ही घरात असावेत आणि अडलं की उघडावेत. इंग्रजीतून एकच परिचयग्रंथ सलग वाचायचा असेल, तर एम. हिरियण्णांचा १९३२ चा. म्हैसूरच्या या प्राध्यापकाने एक शब्द जास्तीचा लिहिलेला नाही.

मराठीत श्रीनिवास दीक्षितांचं ‘भारतीय तत्त्वज्ञान’ विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी वापरलं आहे. भाषा सरळ, मांडणी स्वच्छ. संज्ञा अडली की मराठी विश्वकोश पाहावा, तो आंतरजालावर मोफत आहे. दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश ग्रंथालयात मिळाला, तर एक दुपार त्याच्यासोबत काढा. एवढं काम मराठीत झालं आहे हे आपल्याच लोकांना ठाऊक नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

तुम्ही सारखं ‘पूर्वपक्ष वाचा’ म्हणता. म्हणजे काय?

या सगळ्या पानातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल, तर ही ठेवा.

भारतीय शास्त्रग्रंथांची घडणच वादाची आहे. आधी विरोधकाचं म्हणणं मांडायचं, तो पूर्वपक्ष. मग त्याला उत्तर, तो उत्तरपक्ष किंवा सिद्धान्त. आणि पूर्वपक्ष भक्कमच मांडावा लागतो. दुबळा मांडला, तर पुढचा टीकाकार नेमकं तेच पकडून तुम्हाला आडवं करतो. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाच्या ‘विग्रहव्यावर्तनी’त सत्तर कारिका, म्हणजे छोटे श्लोक, आहेत. त्यातल्या पहिल्या वीस कारिका विरोधकाच्या आहेत! सगळं शून्य आहे म्हणतोस, मग तुझं हे वाक्यही शून्यच की, त्याने काय सिद्ध होणार? हा आक्षेप नागार्जुन स्वतःच्या ग्रंथात, स्वतःच्या हाताने, सगळ्यांत आधी लिहितो.

आपल्याला लहानपणापासून तत्त्वज्ञान सुविचार म्हणून भेटतं. फळ्यावर रोज एक. त्यामुळे ग्रंथ उघडला की आपण सुंदर वाक्यं शोधू लागतो आणि बाकीचं कंटाळवाणं वाटतं. उलट करा. हे वाक्य कोणाच्या विरोधात लिहिलं आहे, ते शोधा. समोरचा माणूस दिसू लागला की कोरडी वाटणारी पानं बोलायला लागतात.

व्यवहारात एवढंच करायचं: पेन्सिल घेऊन समासात ‘पू’ आणि ‘उ’ लिहीत जायचं. संस्कृतात ‘ननु’ आलं की बहुधा शंका सुरू झाली, ‘इति चेत् न’ आलं की ग्रंथकार बोलू लागला. जुन्या मराठी भाषांतरांत अनेकदा ‘शंका’ आणि ‘समाधान’ असं स्पष्ट छापलेलं असतं. माझ्याकडच्या एका आवृत्तीत मात्र अशी खूण कुठेच नव्हती आणि मी दोन महिने विरोधकाचं मत ग्रंथकाराचं म्हणून टिपून ठेवत होतो. म्हणून विकत घेण्याआधी मधलं कुठलंही पान उघडून बघा, कोण बोलतंय ते कळतंय का.

गीतेपासून सुरुवात केली तर?

जरूर करा, पण एकट्या गीतेपासून नको. दुसरा किंवा तिसरा अध्याय घ्या आणि तो तिघांकडून वाचा: शांकरभाष्य, ज्ञानेश्वरी, गीतारहस्य.

शंकराचार्यांच्या मते मोक्ष ज्ञानानेच. कर्म चित्तशुद्धीपुरतं, शेवटी त्याचा संन्यास. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेलं आणि १९१५ साली छापलं गेलेलं गीतारहस्य नेमकं याच मताशी भांडतं: ज्ञान झाल्यावरही कर्म सुटत नाही आणि सोडूही नये. त्यासाठी टिळक कांट, मिल, स्पेन्सर, ग्रीन यांनाही वादात ओढतात. शके १२१२, म्हणजे इ.स. १२९० मध्ये नेवाशाला झालेली ज्ञानेश्वरी भाष्यकारांना वाट पुसत जाते आणि तरी स्वतःच्याच वाटेने निघते. तिन्ही पुस्तकं शेजारी उघडी ठेवून एकच श्लोक वाचला की कळतं, गीता हा या मंडळींचा आखाडा होता.

विनोबांची ‘गीता प्रवचने’ पहिल्या वाचनाला फार चांगली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात अठरा रविवारी ती दिली गेली आणि साने गुरुजींनी उतरवून घेतली. भाषा इतकी मऊ की घरातल्या मोठ्या मंडळींना वाचून दाखवता येते. वाद तिथे फारसा भेटणार नाही, तो इतरांकडे शोधा.

आणि ज्ञानदेवांचा तर्क पाहायचा असेल, तर ‘अमृतानुभव’. ओव्या आठशेच्या आसपास. सातवं, सर्वांत मोठं प्रकरण अज्ञानखंडनाचं आहे. जगाचं स्पष्टीकरण देताना ज्या अज्ञानाचा आधार वेदान्ती घेत होते, ते अज्ञानच ज्ञानदेव उलटसुलट तपासतात: ते कुठे राहतं? ज्ञानात राहतं म्हणावं तर टिकणार कसं? पालखीत ऐकलेल्या ज्ञानदेवांपेक्षा हे ज्ञानदेव वेगळे वाटतील. पण हा ग्रंथ पहिल्या वर्षी घेऊ नका.

संस्कृत किंवा पाली येत नाही. अडेल का?

सुरुवातीला नाही. मराठी माणसाची अडचण उलटी आहे. शब्द ओळखीचे असतात आणि तेच फसवतात.

‘पदार्थ’ म्हटलं की आपल्याला ताटातला पदार्थ आठवतो. वैशेषिक या दर्शनात पदार्थ म्हणजे शब्दाने जे जे दाखवता येतं त्याचे मूळ वर्ग: द्रव्य, गुण, कर्म वगैरे. ‘आस्तिक’ म्हणजे आपल्याकडे देव मानणारा. शास्त्रात तो वेदांना प्रमाण मानणारा. म्हणून जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे सांख्य आणि मीमांसा या दर्शनांचे लोक आस्तिक ठरतात. ‘पक्ष’ म्हणजे राजकीय पक्ष नव्हे. अनुमानात ज्याच्याबद्दल काही सिद्ध करायचं आहे ती जागा. ‘हेतू’ म्हणजे मनातला उद्देश नव्हे, तर्कातलं कारण. आणि नागार्जुनाचं ‘शून्य’ म्हणजे ‘काहीच नाही’ नव्हे. स्वतःच्या बळावर, कशावरही न विसंबता असलेलं असं काही नाही, एवढाच त्याचा अर्थ.

जर्मन किंवा जपानी वाचक या शब्दांपाशी थांबतो, कोश उघडतो. आपण पुढे निघून जातो. म्हणून वहीच्या शेवटच्या पानांवर ओळखीच्या शब्दांची यादी करा: रोजचा अर्थ एका बाजूला, ग्रंथातला दुसऱ्या बाजूला. आमच्या वाचनाला सर्वांत जास्त उपयोग या यादीचा झाला आहे.

सहा दर्शनं क्रमाने वाचावीत का?

क्रमाने नको, जोड्यांनी घ्या: सांख्य-योग, न्याय-वैशेषिक, मीमांसा-वेदान्त. सुरुवात न्यायापासून, म्हणजे तर्काच्या दर्शनापासून, कारण वादाची भाषा तिथे घडली आणि बाकी सगळ्यांनी ती वापरली. त्यासाठी अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’, सतराव्या शतकातली छोटी पुस्तिका. नवशिक्यांसाठीच लिहिली गेली आणि आजही त्यांनाच शिकवली जाते.

त्यातलं प्रसिद्ध उदाहरण: डोंगरावर आग आहे. कारण तिथे धूर आहे. जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, जसं स्वयंपाकघर. तसाच धूर इथे आहे. म्हणून डोंगरावर आग आहे. पाच पायऱ्या. सोपं वाटतं. मग उलटा प्रश्न येतो: आग आहे म्हणून धूर आहे, असं म्हणता येईल का? नाही. लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग आहे, धूर नाही. मग धूर कधी येतो? सरपण ओलं असतं तेव्हा. चुलीपुढे डोळे चोळत बसलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं. नैयायिकांनी त्याला नाव दिलं, उपाधी: तर्कात गुपचूप शिरलेली अट. रोजच्या बोलण्यात ती शोधायची सवय लागली की वर्तमानपत्र वाचण्याची पद्धत बदलते.

न्यायानंतर ईश्वरकृष्णाची ‘सांख्यकारिका’ घ्या. सत्तरच्या आसपास कारिका आणि पहिल्याच कारिकेत दुःखापासून सुरुवात. मीमांसा सगळ्यांत शेवटी. यज्ञातल्या विधिवाक्यांचा अर्थ कसा लावायचा ही चर्चा नव्या वाचकाला झेपत नाही.

चार्वाकांचा मूळ ग्रंथ कोणता?

त्यांचा सूत्रग्रंथ हरवला. चार्वाक आपल्यापर्यंत मुख्यतः विरोधकांच्या पूर्वपक्षांतून पोहोचले आहेत. चौदाव्या शतकातला माधवाचा ‘सर्वदर्शनसंग्रह’ सोळा दर्शनं मांडतो आणि चार्वाकापासून सुरुवात करतो. ते पहिलं प्रकरण थोड्याच पानांचं आहे. वाचाच.

‘ऋणं कृत्वा घृतं पिबेत्’, कर्ज काढून तूप प्या, एवढंच आपण ऐकलेलं असतं. त्याच प्रकरणाच्या सुरुवातीला हा श्लोक वेगळ्या रूपात आहे: जगाल तोवर सुखाने जगा, मृत्यूच्या तावडीतून कोणी सुटत नाही. तिथे तुपाचं नाव नाही, कर्जाचंही नाही. शिवाय प्रकरणाचा गाभा खाण्यापिण्यात नाहीच, तो वरच्या धूर-आगीच्या तर्कावर आहे. ‘जिथे जिथे’ म्हणता, ते तुम्ही सगळीकडे जाऊन पाहिलंत का? उद्याचा धूर आज पाहिलात का? या आक्षेपाला न्यायाने दिलेली उत्तरं वाचताना आजही घाम फुटतो. मराठीत आ. ह. साळुंखे यांचं ‘आस्तिकशिरोमणी चार्वाक’ विरोधकांनी रंगवलेल्या चित्रामागचा चार्वाक शोधतं.

बौद्ध विचारांची सुरुवात धम्मपदापासून करावी का?

धम्मपदाच्या ४२३ गाथा सुंदर आहेत आणि पाठ कराव्यात. पण त्यात निष्कर्ष आहेत, युक्तिवाद थोडा. आधी धर्मानंद कोसंबींचं ‘भगवान बुद्ध’ वाचा. गोव्यातल्या साखवाळला १८७६ साली जन्मलेला हा माणूस बुद्धाच्या ओढीने घर सोडून निघाला, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश फिरला, पाली शिकला आणि परत येऊन मराठीत लिहू लागला. ‘निवेदन’ हे त्यांचं आत्मचरित्र सोबत ठेवा. ज्ञानासाठी माणूस किती चालू शकतो ते त्यात दिसतं.

मग मज्झिम निकाय या पाली संग्रहातलं मालुंक्यपुत्ताचं सुत्त, म्हणजे प्रवचन. हा भिक्खू हट्ट धरतो: जग शाश्वत आहे की नाही, जीव आणि शरीर एक की वेगळे, हे सांगा, नाहीतर मी संघ सोडतो. बुद्ध विषारी बाण लागलेल्या माणसाची गोष्ट सांगतात. तो म्हणतो, बाण मारणारा कोणत्या कुळाचा, उंच की ठेंगू, कोणत्या गावचा, धनुष्य कसलं, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही. तो माणूस उत्तर मिळण्याआधीच मरेल.

आणि नंतर ‘मिलिंदप्रश्न’. हा सगळा ग्रंथच प्रश्नोत्तरांचा. ग्रीक वंशाचा राजा मिनँडर, म्हणजे मिलिंद, आणि भिक्खू नागसेन. नागसेन म्हणतो, नागसेन हे नुसतं नाव, या नावाचा कोणी पुद्गल, म्हणजे व्यक्ती, सापडत नाही. राजा खवळतो: मग चीवर कोण नेसतं? जेवतं कोण? केस म्हणजे नागसेन का? नखं? दात? नागसेन वेगळीकडूनच सुरुवात करतो. महाराज, तुम्ही नाजूक अंगाचे, भर दुपारी तापलेल्या वाळूवरून चालत आलात तर पाय भाजले असतील. चालत आलात की वाहनाने? रथाने, राजा म्हणतो. मग सांगा, आस म्हणजे रथ का? चाकं? दांडी? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो आणि स्वतःच्याच उत्तरांत सापडतो.

छत्रपती संभाजीनगरमध्ये डॉ. आंबेडकरांनी उभारलेलं मिलिंद महाविद्यालय याच राजाच्या नावाचं आणि त्याचा परिसर नागसेनवन. तिथून पदवी घेतलेल्या कितीतरी घरांत हा ग्रंथ असायला हवा.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ आधी वाचावं की मूळ सुत्तं?

आंबेडकरांचा ग्रंथ आधी वाचला तरी चालेल, पण प्रस्तावना सोडू नका. १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर आलेल्या या ग्रंथाच्या सुरुवातीला ते चार प्रश्न मांडतात: सिद्धार्थाने घर का सोडलं; चार आर्यसत्यं मुळात बुद्धाची आहेत का; आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कसे; आणि भिक्खू कशासाठी. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून राजपुत्र निघून गेला, ही कथा ते नाकारतात. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर ही दृश्यं पाहिली नसतील का? त्याऐवजी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात झालेलं भांडण ते पुढे आणतात. कोसंबींनीही तोच धागा धरला होता. हा ग्रंथ परंपरेशी वाद घालतो, म्हणून नंतर सुत्तं वाचली की दोन्ही बाजू हातात येतात. महाराष्ट्रात लाखो घरांत तो पूज्य आहे. पूजेइतकाच तो वहीपेन्सिल घेऊन वाचण्याचाही आहे.

नागार्जुन कधी?

वरचं सगळं झाल्यावर. ‘मूलमध्यमककारिके’चं चोविसावं प्रकरण आधी घ्या. सगळं शून्य असेल तर चार आर्यसत्यंही नाहीत, या आक्षेपाने ते सुरू होतं.

मी योगवर्गाला जाते. योगसूत्रं वाचावीत का?

वाचा, आणि थोडं आश्चर्य सोसायची तयारी ठेवा. १९५ सूत्रांपैकी आसनाचं वर्णन फक्त तीनच सूत्रांत आहे. त्यातलं पहिलं, स्थिर आणि सुखाचं ते आसन. बाकी ग्रंथ चित्ताबद्दल आहे: ते कसं चालतं, कशाने मळतं, कसं थांबतं. व्यासभाष्य या जुन्या टीकेशिवाय सूत्रं उलगडत नाहीत. मराठीत कृ. के. कोल्हटकरांचं ‘भारतीय मानसशास्त्र अथवा पातंजल योगदर्शन’ आहे; मोठं आहे, पण प्रत्येक सूत्रापाशी निवांत बसणारं.

जैन दर्शनासाठी?

उमास्वातींचं ‘तत्त्वार्थसूत्र’, दहा अध्याय. श्वेतांबर आणि दिगंबर दोघेही ते मानतात. अनेकान्तवाद म्हणजे ‘सगळ्यांचंच बरोबर’ असा अर्थ करून घेऊ नका. कोणत्या बाजूने बरोबर, हे प्रत्येक वेळी नेमकं सांगण्याची ती शिस्त आहे.

चीनकडे कसं वळावं? मराठीत फारसं दिसत नाही.

इंग्रजीच मुख्य वाट आहे. डी. सी. लाऊ यांची लाओत्से, मेन्सियस आणि कन्फ्यूशियसची भाषांतरं आणि बर्टन वॉटसनचं च्वांगत्से, एवढं पुरे. सगळे लाओत्सेपासून सुरुवात करतात, कारण ८१ छोटी प्रकरणं. माझा सल्ला वेगळा आहे: मेन्सियस आणि च्वांगत्से.

मेन्सियस म्हणतो, रांगतं मूल विहिरीत पडताना दिसलं की कोणाच्याही काळजात चर्र होतं. आईबापांची मर्जी मिळावी म्हणून नाही, शेजाऱ्यांनी वाखाणावं म्हणूनही नाही. माणसात चांगुलपणाचा कोंब आहे याला तो हा पुरावा देतो. श्युन्त्स हा दुसरा चिनी विचारवंत त्याला तोडीस तोड उत्तर देतो: माणूस मुळात वाईट, चांगुलपणा ही मेहनतीने घडवलेली गोष्ट. पाहा, पूर्वपक्ष तिथेही आहे.

च्वांगत्सेच्या तिसऱ्या प्रकरणात तिंग नावाचा आचारी राजापुढे बैल कापतो. सुरी तालात चालते. तो सांगतो, साधा आचारी महिन्याला सुरी बदलतो, कारण तो हाडांवर घाव घालतो. चांगला आचारी वर्षाला बदलतो. माझी ही सुरी एकोणीस वर्षांची आहे, हजारो बैल कापले आणि धार आत्ता दगडावरून काढल्यासारखी. सांध्यांमध्ये फट असते, पात्याला जाडी नसते. अवघड जागा आली की मी सावध होतो, नजर तिथेच ठेवतो, हात मंद करतो, सुरी किंचित हलवतो आणि मांस ढेकळासारखं सुटून खाली पडतं. शाकाहारी वाचक इथे दचकतात. तरीही वाचा. वर्षानुवर्षं एकच काम करणाऱ्या कोणत्याही हाताला ही गोष्ट ओळखीची वाटते. माझी आई भाकरी थापताना मला तीच आठवते.

आणि झेन?

शेवटी. झेनच्या गोष्टी सुट्या वाचल्या तर त्या कोड्यांसारख्या वाटतात, कारण त्यांच्या पाठीशी असलेला बौद्ध वाद आपल्याला दिसत नाही. जपानी झेन गुरू दोगेनचा (१२००–१२५३) ‘गेन्जोकोआन’ हा छोटा लेख नागार्जुनानंतर वाचा.

माझी देवावर श्रद्धा नाही. हे माझ्यासाठी आहे का? आणि ज्याची श्रद्धा आहे त्याचं काय?

आमच्यात रोज पूजा करणारे आहेत आणि कोणत्याही देवळात न जाणारेही. अडचण दोघांनाही येते, वेगवेगळ्या पानांवर. ग्रंथ दोघांकडून एकच मागतो: न पटणारं म्हणणं, ते म्हणणाऱ्याला पटेल अशा शब्दांत मांडून दाखवा, मग खोडा.

व्हिडिओ आणि रोजचे सुविचार यांनी सुरुवात केली तर चालेल?

व्याख्यान ऐकून गोडी लागली, तर उत्तम. पण बुद्धाच्या किंवा लाओत्सेच्या नावाने फिरणाऱ्या वाक्याखाली ग्रंथाचं नाव आणि क्रमांक नसेल, तर ते पुढे पाठवू नका.

परदेशात राहतो. मराठी पुस्तकं कशी मिळवू?

विश्वकोश आहेच. जुन्या, स्वामित्वहक्क संपलेल्या कितीतरी मराठी आवृत्त्या इंटरनेट अर्काईव्हवर आहेत. पाली सुत्तांसाठी सुत्तासेंट्रल, चिनी मूळ ग्रंथांसाठी चायनीज टेक्स्ट प्रोजेक्ट. सुट्टीत पुण्याला आलात, तर १९१७ साली स्थापन झालेली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था पाहून जा.

एकट्याने वाचावं की गटात?

पहिलं वाचन एकट्याने, दुसरं गटात. तीन माणसं पुरतात. एकाने मोठ्याने वाचायचं, एकाने पूर्वपक्षाची बाजू घ्यायची, पटत नसली तरी. पुढच्या वेळी बाजू बदलायच्या.

गटाचा नियम आम्ही मिलिंदप्रश्नातून घेतला आहे. पुढचा वाद सुरू करण्याआधी नागसेन राजाला अट घालतो: पंडितांसारखं बोलणार असाल तर बोलेन, राजांसारखं बोलणार असाल तर नाही. राजा विचारतो, पंडित कसे बोलतात? नागसेन सांगतो, ते गुंडाळतात, उलगडतात, एकमेकांना चूक दाखवतात, चूक झाली तर कबूल करतात, भेद करतात, पुन्हा भेद करतात, आणि रागावत नाहीत. आणि राजे? ते एक गोष्ट धरून बसतात आणि जो विरुद्ध बोलेल त्याला शिक्षा फर्मावतात. मिलिंद म्हणतो, ठीक, मी पंडितांसारखं बोलेन. तुम्हीही एखाद्या भिक्खूशी, श्रामणेराशी, उपासकाशी बोलता तसं मोकळेपणाने बोला, भिऊ नका.

आवाज चढला की आमच्यातलं कोणीतरी हळूच विचारतं, ‘पंडितवाद की राजवाद?’ आणि आम्ही पुन्हा त्याच ओळीवर येतो.